स्थलांतरिताची कादंबरी आणि तिच्यातली जमीन : वसाहतोत्तर पर्यावरणवादी वाचनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, प्रबंध लिहिणारे आणि नुसत्या आवडीने वाचणारे, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेला मुद्दा पुन्हा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांत कथानकाचे शेवटही उघड होतात. कादंबरी वाचायची राहिली असेल तर आधी ती वाचा.

१. ही पद्धत नेमकी काय आहे? थोडक्यात सांगता येईल का?

कादंबरीतली जमीन, पाणी, झाडं, जनावरं यांना मागचा पडदा न समजता कथेतली पात्रं समजून वाचणं म्हणजे पर्यावरणवादी समीक्षा. ती जमीन कोणी मोजली, कोणाच्या नावावर लागली, तिच्यात कोण राबलं आणि तिथून कोणाला उठवलं, हेही साम्राज्याच्या इतिहासासकट विचारलं की ती वसाहतोत्तर पर्यावरणवादी समीक्षा होते. पर्यावरणवादी समीक्षेसाठीचा 'इकोक्रिटिसिझम' हा शब्द विल्यम रूकर्ट यांनी १९७८ च्या निबंधात वापरला. वसाहतोत्तर अभ्यासाशी त्याची गाठ पक्की व्हायला मात्र पुढची तीस वर्षं गेली. ग्रॅहम हगन आणि हेलन टिफिन यांचं या विषयावरचं पुस्तक २०१० चं, रॉब निक्सन यांचं 'संथ हिंसे'वरचं, म्हणजे स्फोटाविना वर्षानुवर्षं चालणाऱ्या हानीवरचं, २०११ चं.

२. पर्यावरणवादी समीक्षा पुरेशी नाही का? तिला 'वसाहतोत्तर' हे विशेषण कशाला?

या दोन विचारधारा बराच काळ एकमेकींशी बोलतच नव्हत्या, म्हणून. निक्सन यांनी २००५ च्या एका लेखात त्यांच्यातल्या चार फटी दाखवल्या. वसाहतोत्तर अभ्यासकांना सरमिसळ आवडते, जुन्या पर्यावरणवादी लेखनाला अस्पर्श, शुद्ध निसर्ग हवा असतो. एकाचा विषय विस्थापन, दुसऱ्याचा एकाच जागी रुजून राहणं. एक देशांच्या सीमा ओलांडून पाहतो, दुसरा एखाद्या खोऱ्यात किंवा डोंगररांगेत रमतो. एक गाडलेला इतिहास उकरतो, दुसरा माणूस आणि निसर्ग यांच्या एकांतातल्या कालातीत क्षणांच्या शोधात असतो.

आता स्थलांतरिताची कादंबरी आठवून पाहा. ती या चारही फटींवर पाय ठेवून उभी असते. नुसत्या पर्यावरणवादी चष्म्यातून पाहिलं तर तिचा नायक 'जमिनीशी नातं तुटलेला माणूस' एवढाच उरतो. नुसत्या वसाहतोत्तर चष्म्यातून पाहिलं तर भाषा, वर्ण, पासपोर्ट दिसतात आणि पायाखालची ओल सुटते.

दुसरं कारण इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ च्या एका निबंधातच सांगितलं होतं. माणसाविना जंगल ही कल्पना अमेरिकेत जन्मली. ती जशीच्या तशी उचलून दाट वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या देशांत लावली की तिची किंमत गरीब मोजतात. त्यांनी त्या निबंधात व्याघ्रप्रकल्पाचं उदाहरण दिलं आहे. हा निबंध वाचल्याशिवाय सातव्या आणि आठव्या प्रश्नांची उत्तरं पुरती पोचणार नाहीत, असं मला वाटतं.

३. अस्मिता मनात असते, फार तर भाषेत. तिचा झाडापाण्याशी काय संबंध?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'मी कोण' याचं उत्तर माणूस रोज हातांनी देत असतो. तो काय पेरतो, कुठलं पाणी पितो, कोणत्या ऋतूची वाट पाहतो, कोणतं पाखरू नावानिशी ओळखतो, यात त्याची ओळख साठत जाते. स्थलांतर झालं की भाषेआधी हे हुकतं. नव्या जागी पाऊस कधी येणार ते कळत नाही. झाडं अनोळखी असतात, त्यांना आपल्याकडे नाव नसतं, आणि नाव नसलेल्या झाडाबद्दल मुलांना काही सांगताही येत नाही.

जमैका किंकेड यांच्या 'लूसी' (१९९०) मध्ये याच्या उलटं घडतं आणि म्हणून ते जास्त बोचतं. कॅरिबियन बेटावर वाढलेल्या लूसीला शाळेत डॅफोडिलवरची इंग्रजी कविता पाठ करायला लावलेली असते. फूल तिने कधी पाहिलेलं नसतं. पुढे ती उत्तर अमेरिकेत एका श्रीमंत घरी मुलं सांभाळायला जाते. मालकीण मोठ्या प्रेमाने तिला डॅफोडिलच्या ताटव्यापाशी नेते आणि लूसीला ती फुलं छाटून टाकावीशी वाटतात. फुलाचा दोष काहीच नाही. पण एका साम्राज्याने आपला वसंत ऋतू दुसऱ्याच्या बालपणावर लादला होता, आणि तो राग फुलापाशी येऊन फुटतो. इथे फूल आणि अस्मिता वेगळी काढून दाखवता येत नाही.

याच कादंबरीतला आणखी एक धागा विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. मालकिणीला नाहीशा होत चाललेल्या निसर्गाची मनापासून हळहळ आहे. तिच्या घरातली सुबत्ता आणि तो ऱ्हास यांचा संबंध मात्र तिला दिसत नाही. तो मोलकरणीला दिसतो.

४. सुरुवात कुठून करू? पहिल्या वाचनात काय टिपायचं?

सिद्धान्त बाजूला ठेवा आणि क्रियापदं टिपा. जमिनीच्या संदर्भात कोण काय *करतं*? कोण नांगरतं, कोण मोजतं, कोण फोटो काढतं, कोण नुसतं बघतं, कोणाला हाकललं जातं? एका बाजूला पात्रं, दुसऱ्या बाजूला त्यांची क्रियापदं अशी यादी केली तरी निम्मा प्रबंध हाताला लागतो.

मग नावं. एकाच नदीला, बेटाला, झाडाला कादंबरीत किती नावं आहेत आणि कोणतं नाव कोणाच्या तोंडी येतं? शेवटी, कशाचं वर्णन आलेलं नाही तेही पाहा. मळ्यातला बंगला पानभर आणि मजुरांची वस्ती अर्ध्या ओळीत असेल, तर ते प्रमाण नोंदवून ठेवा.

५. निसर्गवर्णन हे नायकाच्या मनाचं प्रतिबिंब असतं, असंच शिकलो. ते चूक आहे का?

चूक नाही, अपुरं आहे. आभाळ भरून आलं म्हणजे नायिका उदास, हे वाचन कधीकधी बरोबरही असतं. पण सगळा निसर्ग मनाच्या आरशात कोंबला की तो स्वतः काही करू शकत नाही. पूर आला तर तो दुःखाचं प्रतीक होण्याआधी पूर असतो. तो कोणाच्या घरात शिरला, बांध कोणी बांधला होता, कोणाच्या बाजूचा बांध कच्चा ठेवला होता, हे आधी विचारा. प्रतीक कुठे पळून जात नाही, ते नंतरही बघता येतं.

६. माझी कादंबरी पूर्ण शहरात घडते. तिच्यात निसर्गच नाही. मग?

निसर्ग म्हणजे डोंगर-जंगल ही समजूत सोडली की शहर उघडतं. थंडी, धूर, ओल, तळघरातली खोली, नळाचं पाणी, बागेतली पाखरं, भूक, हे सगळं पर्यावरणच आहे.

सॅम सेल्वन यांची 'द लोनली लंडनर्स' (१९५६) घ्या. ती सुरू होते लंडनच्या धुक्यात. कॅरिबियनमधून आलेल्या माणसांना हे शहर आधी त्वचेला कळतं, मग डोक्याला. कडक हिवाळ्यात काम नाही आणि खायला नाही, तेव्हा एक जण बागेतलं कबूतर पकडतो. कुत्र्याला फिरवायला आलेली बाई ते पाहून त्याला क्रूर म्हणते. प्रसंग दीड-दोन पानांचा आहे, पण तो नीट वाचला तर एक अख्खा अध्याय लिहिता येईल. प्राण्यावरचं प्रेम, भूक, वर्ण आणि सार्वजनिक बागेवरचा हक्क एकाच जागी आले आहेत. त्या बाईला कबुतराची काळजी आहे आणि समोरच्या माणसाची भूक तिला दिसत नाही. आठव्या प्रश्नातला वाघ याच कबुतराचा मोठा भाऊ आहे.

७. 'द हंग्री टाइड'वर सगळेच लिहितात. पण तिच्यात स्थलांतरित नेमकं कोण आहे?

जवळजवळ सगळेच, आणि म्हणूनच ती या वाचनासाठी इतकी कसदार ठरते. अमिताव घोष यांची ही कादंबरी २००४ ची. घडते सुंदरबनात, जिथे भरती-ओहोटी रोज जमिनीचा आकार बदलते.

पिया बंगाली आईबापांची मुलगी, पण सिएटलमध्ये वाढलेली. तिला बंगाली येत नाही. ती आली आहे इरावती डॉल्फिनचा अभ्यास करायला. कनाई दिल्लीत राहणारा, भाषांतर हाच त्याचा धंदा. ही दोन स्थलांतरं सुखवस्तू आहेत, परतीचं तिकीट असलेली.

तिसरं स्थलांतर कनाईच्या काकांच्या, निर्मलच्या वहीतून पुढे येतं, आणि ते खरोखर घडलेलं आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या, बहुतांशी दलित निर्वासितांना दंडकारण्यात नेऊन वसवलं होतं. तिथली कोरडी, दगडी जमीन त्यांची नव्हती. १९७८ मध्ये हजारो कुटुंबं तिथून निघून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर आली. भरतीचा, चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा तो मुलूख त्यांच्या हातांना ओळखीचा होता. पण बेट राखीव जंगलात मोडत होतं. जानेवारी १९७९ मध्ये राज्य सरकारने बेटाची नाकेबंदी केली, मे महिन्यात बेट रिकामं करून घेतलं. किती माणसं मेली यावर आजही एकमत नाही. कादंबरीतली कुसुम याच बेटावर मरते. मरण्याआधी ती जे बोलते त्याचा आशय असा : वाघांसाठी आम्हाला मारायला तयार असलेली, जनावरांवर इतकं प्रेम करणारी ही माणसं आहेत तरी कोण?

आणि वनदेवी? सुंदरबनातले हिंदू आणि मुसलमान दोघेही जिला मानतात ती बोनबीबी, आख्यानानुसार, अरबस्तानातून आलेली आहे. जंगलाची रखवालदारच परमुलखातून आली. 'मूळचं कोण' या प्रश्नाला त्या भूमीचं स्वतःचं पुराण काय उत्तर देतं, ते यात आहे.

आता शेवट. पिया परत येते. तिच्या लेखी घर म्हणजे जिथे तिचे डॉल्फिन आहेत ती जागा. किती सुंदर ओळख, पंथ-देश-भाषेपलीकडची! बहुतेक लेख इथे टाळ्या वाजवून थांबतात. मी थांबू नका म्हणेन. फोकीर हा कुसुमचा मुलगा, खेकडे पकडून जगणारा. वादळात तो पियाला अंगाखाली घेऊन वाचवतो आणि स्वतः मरतो. त्याने दाखवलेल्या पाणवाटा पियाच्या जीपीएस यंत्रात जमा झालेल्या असतात, आणि तिचा पुढचा प्रकल्प त्यावर उभा राहणार असतो. प्रकल्पाला त्याचं नाव देण्याची तिची इच्छा प्रामाणिक आहे. तरीही विचारलं पाहिजे : एका माणसाचं आयुष्यभराचं ज्ञान दुसरीच्या 'घरा'चा पाया झालं, हे नातं जुन्या वसाहती नात्यापेक्षा किती वेगळं आहे? कादंबरी याचं सोपं उत्तर देत नाही. तुम्हीही घाईने देऊ नका.

८. म्हणजे वाघ की माणूस, बाजू घ्यावीच लागते?

याच कादंबरीत गावकरी गोठ्यात अडकलेला वाघ जाळतात. पिया हादरते, आणि फोकीर त्या जमावात असतो. वाचकाला पियासारखंच हादरायला होतं आणि ते योग्यच आहे. पण समीक्षेचं काम त्यापुढे सुरू होतं. वाघ आणि मासेमार यांना एकाच अरुंद पट्टीत समोरासमोर आणून कोणी उभं केलं? सुंदरबन १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पात आलं. वाघाने मारलेल्या माणसांचा हिशेब कोण ठेवतं, वाघांचा कोण ठेवतं?

एक इशारा. वसाहतोत्तर बाजूने वाचणारे कधीकधी वाघाला 'सरकारचं प्रतीक' करून टाकतात. मग तो वाघ राहतच नाही, आणि पाचव्या प्रश्नातली चूक उलट्या दिशेने होते. जळणाऱ्या जनावराची वेदना आणि कुसुमचा प्रश्न, दोन्ही एका परिच्छेदात मावली पाहिजेत. अवघड आहे, पण याच जागी ही पद्धत खरी उतरते.

९. 'मुळं तुटली', 'नव्या मातीत रुजला' ही रूपकं वापरायची की नाही?

वापरा, पण डोळे उघडे ठेवून. माणूस झाड नाही. झाडाला एकच जागा असते. माणसाला तशी असलीच पाहिजे असं मानलं की स्थलांतरित आपोआप अर्धामुर्धा, सुकलेला ठरतो. याच शब्दकोशात 'देशी प्रजाती' आणि 'घुसखोर प्रजाती' हे शब्दही आहेत. वनस्पतिशास्त्रात त्यांना नेमका अर्थ आहे. तेच शब्द माणसांना लावले की द्वेषाला शास्त्राचा मुलामा मिळतो. कादंबरीत असं रूपक कोणाच्या तोंडी आहे ते बघा : अधिकाऱ्याच्या, शेजाऱ्याच्या, की खुद्द स्थलांतरिताच्या?

शिवाय झाडंही फिरलेली आहेत. नीरफणस ताहितीहून जहाजात भरून १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला नेला, तो मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. आज त्या बेटांच्या वर्णनात ते झाड 'इथलंच' म्हणून येतं. ऊस तर अर्ध्या जगाच्या इतिहासाला पुरून उरला आहे. अशा मातीत 'मूळचं' हा शब्द कोणत्या सालापासून मोजायचा, हे आधी ठरवावं लागतं.

१०. नायकाला आठवणारं गाव नेहमी हिरवंगार असतं. हे खोटं समजायचं का?

खोटं नका म्हणू. आठवणीतला हिरवा रंग बहुधा आजच्या उणिवेतून येतो, त्यामुळे तो गावापेक्षा नव्या जागेबद्दल जास्त सांगतो. फक्त एक तपासा : त्या हिरव्या चित्रात कोण राबताना दिसतं? विहीर सगळ्यांसाठी खुली होती का? आजोबांची आमराई आठवणाऱ्याला ती शिंपणारा गडी आठवतो का? ज्यांनी गाव पोटासाठी किंवा जातीच्या जाचापायी सोडलं, त्यांच्या आठवणीत माती इतकी हिरवी नसते. हा फरक पकडलात तर स्मरणरंजनावरचं तुमचं प्रकरण इतरांपेक्षा वेगळं होईल.

११. गिरमिटिया मजुरांवरच्या कादंबऱ्यांना ही पद्धत कशी लावायची?

पिकापासून सुरुवात करा. मॉरिशसला १८३४ ते १९२० या काळात भारतातून सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर गेले, ते उसासाठी. घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज' (२००८) मध्ये तर अफू आणि ऊस ही दोन पिकं एकमेकांना जोडलेली दिसतात. गाझीपूरच्या बाजूला अफूने गव्हाची जागा घेतली. गहू गेला तसं घर शाकारायचं काडही गेलं. कर्ज वाढलं, माणसं सुटी झाली आणि मॉरिशसच्या उसाकडे जाणाऱ्या जहाजात चढली. म्हणजे मनुष्य समुद्र ओलांडण्याआधी त्याची शेती परकी झालेली असते. विस्थापन घरी बसल्याबसल्या सुरू होतं. निक्सन ज्याला संथ हिंसा म्हणतात ती हीच, स्फोटाविना, वर्षानुवर्षं चालणारी.

१२. धरणग्रस्त तर देश सोडून जात नाही. त्याची कादंबरी यात बसते का?

बसते, आणि मराठीत या वाचनाला सर्वांत सुपीक जागा मला तीच वाटते. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण तिच्यावरचं बरंचसं लेखन सामाजिक वास्तवापाशी थांबतं. पाण्याखाली गेलेली जमीन परत जाऊन पाहताही येत नाही. परदेशी गेलेल्याला निदान सुट्टीत गाव बघता येतं. स्वतंत्र देशाचं सरकार 'विकासा'साठी माणसं उठवतं, तेव्हा त्यामागचा कायदा, मोजणी आणि भाषा कुठून आली, हा वसाहतोत्तर प्रश्नच आहे. जमीन घेण्यासाठी १८९४ चा कायदा २०१३ पर्यंत चालू होता, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

१३. मग हा देशीवादच झाला ना?

नाही, पण शेजारी आहेत. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेला देशीवाद साहित्याला स्वतःच्या भूमीचं, भाषेचं, परंपरेचं भान मागतो. त्यातून खूप शिकण्यासारखं आहे, विशेषतः उसन्या निकषांबद्दलचा संशय. स्थलांतरिताची कादंबरी मात्र 'स्वतःची भूमी' या दोन शब्दांनाच हात घालते. भूमी दोन असतील तर? पहिलीने हाकललं आणि दुसरीने घेतलं नाही तर? दोन्ही दृष्टी समोरासमोर ठेवून लिहिलेला प्रबंध मला वाचायला फार आवडेल.

१४. स्थलांतरितच दुसऱ्या कोणाच्या जमिनीवर बसला असेल तर सहानुभूती कोणाला?

सर्वांत अडचणीचा प्रश्न. फिजीचं उदाहरण घ्या. १८७९ पासून भारतीय मजूर तिथे उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या जी जमीन कसली ती बहुतांशी भाडेपट्ट्याची, मालकी मूळ फिजीवासीयांच्या घराण्यांची. दोघांनाही साम्राज्याने या पेचात आणून सोडलं, आणि साम्राज्य निघून गेल्यावर ते एकमेकांसमोर उरले. कसणाऱ्याचं नातं खरं आहे, मूळ मालकाचं नातंही खरं आहे. अशा कादंबरीत मूळ रहिवासी फक्त पार्श्वभूमीला, नावाशिवाय येत असतील तर ते स्पष्ट लिहा, लेखक स्वतः कितीही सोसलेला असला तरी. सोसणाऱ्याच्या नजरेतूनही कोणीतरी सुटतंच.

१५. मी मराठी अनुवाद वाचतो. मूळ वाचल्याशिवाय असं लिहिता येईल का?

येईल, पण झाडा-प्राण्यांची नावं मूळ पुस्तकाशी ताडून पाहा. अनुवादात अनोळखी झाडाच्या जागी ओळखीचं झाड येतं, कधी नुसतं 'एक जंगली झुडूप' उरतं. या पद्धतीत त्या नावावर अख्खा युक्तिवाद उभा असू शकतो (प्रश्न ३ आणि ४). मूळ इंग्रजी असेल तर तेवढी पानं काढून बघणं सहज जमतं. मूळ भाषा येत नसेल तर ती जाणणाऱ्या कोणाला तरी फक्त नावांची यादी दाखवा. आणि अनुवादकाने एखादं नाव मुद्दाम तसंच ठेवलं असेल, तर त्या निवडीवरही एक परिच्छेद लिहा. पिया आणि फोकीर यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण एकाच नदीतल्या एकाच प्राण्याकडे बोट दाखवून त्यांनी दिवसचे दिवस काम केलं.